सतराव्या शतकातले युरोपीय पुस्तक वाचायचे कसे: ‘लेव्हायथन’ हाताशी धरून

हॉब्स, गॅलिलिओ, लॉक, न्यूटन, स्पिनोझा वाचायला घेणाऱ्यांची गाडी बहुधा एकाच ठिकाणी अडते. नेटवर सापडलेली पहिली पीडीएफ उतरवायची, सुरुवातीची पत्रे-बित्रे ओलांडायची, पहिल्या प्रकरणाला भिडायचे, तिसाव्या पानावर दमायचे आणि शेवटी कुठल्या तरी सारांशावर भागवायचे. पुस्तक अवघड आहे म्हणून असे होते, असा समज आहे. खरे तर आपण कोणत्या वर्षीचा आणि कोणत्या आवृत्तीचा मजकूर वाचतो आहोत हेच ठरलेले नसते, शब्द आजच्या अर्थाने वाचले जातात आणि तारखा आजच्या कॅलेंडरने. तीनही चुका वाचन सुरू होण्याआधीच्या आहेत, त्यामुळे त्या वाचता वाचता सुधारत नाहीत.

खाली मुख्य उदाहरण इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्सच्या ‘लेव्हायथन’ या राज्यसत्तेवरच्या ग्रंथाचे (लंडन, 1651) आहे. क्रम मात्र त्या काळातल्या कुठल्याही छापील पुस्तकाला चालतो.

## तयारी

चार गोष्टी जमवा.

- जुन्या छपाईचा स्कॅन, पूर्ण पानांचा. नुसता टंकलिखित मजकूर पुरत नाही.
- एक आधुनिक संपादित आवृत्ती, तळटीपांसह.
- शोध घेण्यासाठी माणसांनी टंकलेली प्रत. इंग्रजी पुस्तकांसाठी ‘अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन’मधल्या सुमारे 25,000 पुस्तकांची अशी प्रत 2015 पासून सर्वांना मोफत खुली आहे.
- जाड वही. संगणकावर टिपणे काढली तरी चालतात, पण पहिले दोन आठवडे हातानेच लिहा. कारण पाचव्या टप्प्यात येईल.

वेळेचा अंदाज: ‘लेव्हायथन’मध्ये 47 प्रकरणे आहेत. रोज एक तास दिलात तर निवडक 12 प्रकरणांना सहा ते आठ आठवडे लागतात. तासाला सहा-सात पानांपेक्षा जास्त वेग पडत असेल तर आपण वाचत नाही आहोत, पाने उलटतो आहोत.

## टप्पा 1: प्रश्न आधी, पुस्तक नंतर

‘हॉब्सचे राजकीय तत्त्वज्ञान’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘सार्वभौम सत्तेने जीव घेण्याचा हुकूम दिला तर माणसाला प्रतिकार करता येतो का, यावर हॉब्स काय म्हणतो?’ हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर पुस्तकात बोट ठेवून दाखवता येते. एका ओळीत लिहा आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. बदलावासा वाटला तर बदला, पण जुना खोडू नका.

## टप्पा 2: नेमकी कोणती आवृत्ती?

इथे घाई केली की पुढचे सगळे घसरते, म्हणून या टप्प्याला भरपूर वेळ द्या.

‘लेव्हायथन, 1651’ असे छापलेल्या इंग्रजी आवृत्त्या एक नव्हे, तीन आहेत. तिन्हींवर प्रकाशक अँड्र्यू क्रुकचे नाव आणि तेच वर्ष. अभ्यासक त्यांना शीर्षपानावरच्या नक्षीवरून ओळखतात: ‘हेड’ म्हणजे मस्तकाची नक्षी, ‘बेअर’ म्हणजे अस्वलाची आणि ‘ऑर्नमेंट्स’ म्हणजे छोट्या ठशांची जुळवलेली नक्षी. खरी पहिली ‘हेड’. बाकी दोन्ही बऱ्याच वर्षांनी छापल्या आणि वर्ष मुद्दाम जुनेच ठेवले, कारण पुस्तक पुन्हा छापायला परवानगी मिळत नव्हती. त्यामुळे स्कॅन उघडला की आधी नक्षी बघायची, वर्ष नंतर.

शिवाय 1668 मध्ये ॲमस्टरडॅमला लॅटिन ‘लेव्हायथन’ निघाले. ते हॉब्सनेच केले, पण ते नुसते भाषांतर नव्हे. शेवट बदलला आहे आणि संवादरूपातल्या तीन प्रकरणांचे परिशिष्ट जोडले आहे. इंग्रजीतले वाक्य आणि लॅटिनमधले वाक्य एकाच दमात ‘हॉब्स म्हणतो’ असे सांगितले की दोन काळांतली मते एकत्र कालवली जातात.

हा घोळ हॉब्सपुरता नाही. वारंवार होणाऱ्या काही चुका:

न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’तले ‘मी गृहीतके रचत नाही’ हे वाक्य 1687 चे म्हणून दिले जाते. ते पहिल्या आवृत्तीत नाहीच. 1713 च्या दुसऱ्या आवृत्तीला जोडलेल्या शेवटच्या टिपणात ते आले. मधली 26 वर्षे पुसून टाकली की न्यूटन सुरुवातीपासून हेच म्हणत होता असे वाटते.

लॉकच्या मानवी आकलनावरील निबंधात व्यक्तीच्या ओळखीवरचे प्रसिद्ध प्रकरण (दुसरा खंड, प्रकरण 27) 1694 च्या दुसऱ्या आवृत्तीत आले. पहिल्या आवृत्तीवर वर्ष 1690 आहे, पण पुस्तक 1689 च्या डिसेंबरातच बाजारात होते.

शेक्सपिअरचे ‘किंग लिअर’ 1608 च्या छोट्या छपाईत एक आहे आणि 1623 च्या मोठ्या आकाराच्या ग्रंथात, म्हणजे फोलिओत, दुसरे. पहिल्यातल्या सुमारे 300 ओळी दुसऱ्यात नाहीत आणि दुसऱ्यातल्या सुमारे 100 पहिल्यात नाहीत. बाजारातल्या पुष्कळ प्रती दोन्हींची खिचडी करतात, आणि ती केल्याचे प्रस्तावनेत बारीक अक्षरांत सांगतात.

फ्रेंच निबंधकार मोंतेन्यच्या निबंधांत 1580, 1588 आणि 1595 असे तीन थर आहेत. चांगल्या आवृत्त्या ते ए, बी, सी अशा खुणांनी दाखवतात. खुणा नसलेली प्रत अभ्यासाला घेऊ नका.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताचे औषधी द्रव्यांवरचे पोर्तुगीज संवाद 1563 मध्ये गोव्यात छापले गेले. युरोपाने मात्र ते मुख्यतः वनस्पतिशास्त्रज्ञ क्लूसियसने 1567 मध्ये अँटवर्पला काढलेल्या लॅटिन संक्षेपातून वाचले, आणि त्यात संवादच उरले नव्हते. ओर्ताचे पात्र कोणाशी वाद घालते आहे, कुठे चेष्टा करते आहे, हे लॅटिनवाल्याला दिसणारच नाही.

सावधान: नेटवर ‘मूळ मजकूर’ म्हणून फिरणारी प्रत बहुधा एकोणिसाव्या शतकातल्या, कॉपीराइट संपलेल्या आवृत्तीची असते. वर्णलेखन आधुनिक, विरामचिन्हे संपादकाची.

तपासा: वहीत पाच ओळी आल्या का? पुस्तकाची भाषा, शीर्षपानावरचे वर्ष, खरे वर्ष (वेगळे असेल तर), आवृत्ती क्रमांक, स्कॅन कोणत्या ग्रंथालयातल्या प्रतीचा आहे.

## टप्पा 3: शीर्षपान आणि सुरुवातीची पाने

ही पाने वगळणे ही सर्वांत महागात पडणारी चूक. त्या काळात सुरुवातीची पाने साधारणतः शेवटी छापली जात. म्हणूनच पुष्कळ पुस्तकांत मुख्य मजकूर ‘बी’ फर्म्यापासून (फर्मा म्हणजे छापून दुमडलेल्या पानांचा एक गठ्ठा, त्याला ओळखीचे अक्षर असते) सुरू होतो आणि ‘ए’ फर्मा प्रस्तावनेसाठी राखलेला असतो. म्हणजे सगळे पुस्तक जुळवून झाल्यावर, वातावरण बघून लिहिलेला मजकूर तिथे असतो.

चार प्रश्न विचारा.

कोणी लिहिले? कोपर्निकसच्या 1543 च्या ग्रंथाच्या सुरुवातीला एक निनावी टिपण आहे: ही गणिते खरीच असली पाहिजेत असे नाही, हिशेब जुळला की पुरे. ते कोपर्निकसचे नव्हे, छपाईवर देखरेख करणाऱ्या ओसियांडरचे आहे. केप्लरने 1609 मध्ये हे जाहीर केले. आजही ते वाक्य कोपर्निकसच्या तोंडी घातलेले आढळते.

कुठे छापले? स्पिनोझाच्या 1670 च्या धर्म-राजकीय ग्रंथावर लेखकाचे नाव नाही. गाव हॅम्बर्ग आणि प्रकाशक हेन्रिक क्यूनराट अशी नावे आहेत. दोन्ही खोटी. पुस्तक ॲमस्टरडॅमला रिउवेर्ट्स या प्रकाशकाने काढले. खोटा पत्ता दिसला की समजावे, मजकूर कोणाला तरी झोंबणारा आहे.

परवानगी कोणाची? ‘प्रिन्सिपिया’वर रॉयल सोसायटीचा अध्यक्ष म्हणून सॅम्युएल पीप्सचे नाव आणि 5 जुलै 1686 ही तारीख आहे. म्हणजे छापायची परवानगी पुस्तक निघण्याच्या वर्षभर आधीची.

चित्र काय सांगते? ‘लेव्हायथन’चे खोदचित्र फ्रेंच खोदकार अब्राहम बॉसचे मानले जाते. डोंगरामागून उठलेला मुकुटधारी पुरुष, एका हातात तलवार, दुसऱ्यात धर्मगुरूचा दंड. अंग शेकडो माणसांचे बनलेले, आणि त्या सगळ्यांची पाठ आपल्याकडे, तोंडे राजाकडे. आता खालच्या चौकटी आडव्या जोडीने वाचा: किल्ल्यासमोर चर्च, मुकुटासमोर धर्मगुरूची टोपी, तोफेसमोर वीज, शस्त्रांसमोर तर्काचे काटे, लढाईसमोर वादसभा. पुस्तकाचा निम्मा भाग धर्मसत्तेवर का आहे, याचे उत्तर इथेच मिळते. इंग्लंडच्या चार्ल्स दुसऱ्याला दिलेल्या हस्तलिखितातल्या चित्रात मात्र तीच माणसे बाहेर, बघणाऱ्याकडे पाहतात. राजा स्वतःच बघणारा होता, हे लक्षात घ्या.

## टप्पा 4: तारखा लावणे

हॉब्सच्या अर्पणपत्राखाली पॅरिस आणि ‘15/25 एप्रिल 1651’ असे आहे. ती छपाईची चूक नव्हे. इंग्लंडात 15 तारीख होती तेव्हा फ्रान्समध्ये 25 होती.

नियम असे:

1. इटली, स्पेन, पोर्तुगाल यांनी ऑक्टोबर 1582 मध्ये नवे (ग्रेगोरियन) कॅलेंडर घेतले. 4 नंतर थेट 15 तारीख आली. फ्रान्सने त्याच वर्षीच्या डिसेंबरात घेतले. जर्मनीतली प्रोटेस्टंट राज्ये 1700 पर्यंत आणि इंग्लंड 1752 पर्यंत जुन्यावर (ज्युलियन) राहिले. डच प्रांतांत दोन्ही चालत. होलंड नव्यावर, उट्रेख्ट 1700 पर्यंत जुन्यावर.
2. जुन्यावरून नव्यावर येताना फेब्रुवारी 1700 अखेरपर्यंत 10 दिवस मिळवा, त्यानंतर 11.
3. इंग्लंडात कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे 1 जानेवारी ते 24 मार्चमधल्या कागदावर मागचे वर्ष असते. चार्ल्स पहिल्याचा शिरच्छेद आपण 30 जानेवारी 1649 म्हणतो. त्या दिवशीच्या इंग्रजी कागदावर 1648 आहे. फ्लोरेन्समध्येही वर्ष 25 मार्चलाच लागे, तेव्हा गॅलिलिओच्या तिथल्या पत्रव्यवहारातही हाच सापळा आहे.

गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, हे वाक्य दोन कॅलेंडरे मिसळून तयार झाले आहे. गॅलिलिओचा मृत्यू 8 जानेवारी 1642, नव्या पद्धतीने. न्यूटनचा जन्म 25 डिसेंबर 1642, जुन्या पद्धतीने. नव्याने 4 जानेवारी 1643.

मराठी वाचकाला याचा सराव घरच्या घरी करता येतो. शिवराज्याभिषेकाची 6 जून 1674 ही तारीख जुन्या पद्धतीची आहे. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596 नव्या पद्धतीने 16 जूनला पडते. आणि सुरतेच्या इंग्रज वखारीतले जानेवारी 1664 चे पत्र चाळताना वर 1663 दिसले तर लेखनिकाला दोष देऊ नका.

तपासा: प्रत्येक तारखेपुढे ‘जु.’ किंवा ‘न.’ लिहिले आहे का? ठरत नसेल तर प्रश्नचिन्ह घाला, अंदाज नको.

## टप्पा 5: अक्षरे आणि फर्मे

1. लांब एस. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये एस उभा, एफसारखा दिसतो, शेवटी नेहमीचा. फरक आडव्या रेघेत: एफची रेघ दांडा ओलांडून दोन्ही बाजूंना जाते, लांब एसची फक्त डावीकडे, किंवा नसतेच. गंमत इथे संपते, कारण ‘सेथ’ (म्हणतो) चे ‘फेथ’ (श्रद्धा) होते आणि ‘साइट’ (दृष्टी) ची ‘फाइट’. धर्मावरच्या पुस्तकात पहिली चूक अख्खे वाक्य फिरवते.
2. यू आणि व्ही. ही एकाच अक्षराची दोन रूपे. सुरुवातीला व्ही, मध्ये यू. ‘अपॉन’ व्ही-ने सुरू होतो, ‘लव्ह’च्या पोटात यू असतो. 1623 च्या फोलिओत हे सर्रास आहे, 1651 च्या हॉब्समध्ये जवळजवळ गेलेले.
3. आय आणि जे यांचेही तसेच.
4. स्वरावरची रेघ म्हणजे पुढचा एन किंवा एम गाळला आहे. लॅटिन आणि पोर्तुगीजमध्ये फार.
5. वाय आणि वर छोटा ई म्हणजे ‘द’. ‘ये’ वाचू नका.

उपाय एकच: दोन पाने जशीच्या तशी हाताने उतरवा. मग टंकलेल्या प्रतीशी ताडा. पानाला तीनपेक्षा जास्त चुका निघाल्या तर आणखी दोन पाने.

आता फर्मे. मराठी छापखान्यातला फर्मा ज्याने पाहिला आहे त्याला हे पटकन कळेल. ताव एकदा दुमडला की फोलिओ (2 पाने, 4 पृष्ठे), दोनदा की क्वार्टो (4 पाने, 8 पृष्ठे), तीनदा की ऑक्टाव्हो (8 पाने, 16 पृष्ठे). प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या काही पानांवर तळाशी अक्षर आणि आकडा असतो: बी, बी2, बी3. ही खूण बांधणाऱ्यासाठी होती, पण आपल्याला सोन्यासारखी, कारण पृष्ठांक वारंवार चुकलेले असतात आणि फर्म्याची खूण क्वचित. अक्षरे 26 नव्हे, 23. जे, यू, डब्ल्यू धरत नाहीत. त्यामुळे ‘आय’नंतर ‘के’ आले म्हणून पान हरवले असे समजू नका. पान खरोखर हरवले आहे का हे बघायला तळाचा जोडशब्द वापरा: प्रत्येक पृष्ठाच्या तळाशी उजवीकडे पुढच्या पृष्ठाचा पहिला शब्द छापलेला असतो. जुळला नाही तर थांबा.

सावधान: यंत्राने वाचलेल्या स्कॅनमध्ये शब्द शोधताना एसच्या जागी एफ घालूनही शोधा. ‘हा शब्द लेखकाने कुठेच वापरला नाही’ असा निष्कर्ष याच कारणाने खोटा ठरतो.

शेवटी शुद्धिपत्र बघा आणि त्यातल्या दुरुस्त्या आपल्या प्रतीत पेन्सिलीने घाला. लेखकाने स्वतः सुधारलेली चूक त्याच्या नावावर उद्धृत करू नये.

## टप्पा 6: शब्दांचे अर्थ

‘चेष्टा’ म्हणजे जुन्या भाषेत हालचाल, आज थट्टा. इंग्रजीतही तेच, आणि ओळखीचा शब्द असल्याने शब्दकोश उघडावासा वाटत नाही. ‘लेव्हायथन’च्या तेराव्या प्रकरणात समासात छापले आहे: समतेतून ‘डिफिडन्स’ येतो, डिफिडन्समधून युद्ध. आजच्या अर्थाने वाचले तर संकोचातून युद्ध! इथे अर्थ अविश्वास.

‘फिजिक’ म्हणजे वैद्यक. ‘आर्टिफिशियल’ बहुधा कौतुकाने, कुशलतेने घडवलेले. ‘पेनफुल’ म्हणजे कष्टाळू. ‘सायंटिस्ट’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात घडला. सतराव्या शतकातला रसायनशास्त्रज्ञ बॉइल स्वतःला निसर्गाचा तत्त्वज्ञ समजत होता. फ्रेंच ‘एक्सपेरियांस’ अनुभवही आहे आणि प्रयोगही. कोणता, ते वाक्य पाहून ठरवा.

मराठीत आणताना वेगळे खड्डे आहेत. ‘कॉमनवेल्थ’चे ‘राष्ट्रकुल’ करू नका, ‘प्रजासत्ताक’ही नाही, हॉब्सकडे राजेशाही हाही त्याचा एक प्रकार आहे. ‘राज्यसंस्था’ बरे. ‘लॉ ऑफ नेचर’ला ‘निसर्गनियम’ म्हटले की वाचकाला गुरुत्वाकर्षण आठवते. हॉब्सला विवेकाने सापडणारे आचरणाचे सूत्र अभिप्रेत आहे. सोळाव्या प्रकरणातला ‘पर्सन’ माणूस नव्हे, दुसऱ्याच्या वतीने बोलणारे सोंग. हॉब्स स्वतःच नाटकाचा दाखला देतो.

तपासा: 20 ते 25 शब्दांची यादी झाली का? प्रत्येकापुढे अर्थ आणि तो जिथे स्पष्ट होतो ती जागा.

## टप्पा 7: वाचन आणि टिपणे

पुस्तकाचे चार भाग आहेत: माणूस (प्रकरणे 1 ते 16), राज्यसंस्था (17 ते 31), ख्रिस्ती राज्यसंस्था (32 ते 43), अंधाराचे राज्य (44 ते 47). अभ्यासक्रम 13 ते 17 वर थांबतात आणि वाचकही. तिसऱ्या-चौथ्या भागातली निदान दोन प्रकरणे घ्याच. 42 आणि 47 सुचवतो.

आधी सगळी समासातली शीर्षके ओळीने उतरवा. एका बैठकीत युक्तिवादाचा सांगाडा हातात येतो. मग वहीत तीन रकाने: मूळ वाक्य जुन्या वर्णलेखनासह, प्रकरण आणि फर्म्याची खूण, आणि स्वतःच्या मराठीत आशय. तिसरा रकाना त्याच दिवशी भरा. मराठीत मांडता येत नसेल तर वाक्य कळलेले नाही, एवढी सोपी चाचणी दुसरी नाही.

नमुना: तेराव्या प्रकरणात हॉब्स युद्धाची व्याख्या करतो. चौथ्यांदा वाचल्यावर आशय असा उतरतो: एखाद-दोन सरी पडल्या म्हणजे हवा वाईट नव्हे, अनेक दिवस पावसाचाच कल असेल तर ती वाईट, तसेच युद्ध म्हणजे प्रत्यक्ष मारामारी नव्हे, मारामारीची तयारी उघड दिसते आणि उलट खात्री नसते तो सगळा काळ. हे नीट टिपले तर ‘हॉब्सच्या मते माणसे सतत एकमेकांना मारत होती’ हे सरसकट विधान लिहायचा मोह होत नाही.

## टप्पा 8: विरोधकाला ऐका

आधुनिक टीकाग्रंथाआधी समकालीन उत्तर वाचा. हॉब्ससाठी रॉबर्ट फिल्मरची 1652 ची निरीक्षणे छोटी आणि कामाची आहेत. त्याचे म्हणणे असे की सत्तेचे हक्क हॉब्स सांगतो ते मान्य, पण ती सत्ता ज्या करारातून येते म्हणतो ते मान्य नाही. त्या काळच्या वाचकाला नेमके कुठे टोचले, ते यावरून दिसते. वेळ असेल तर बिशप ब्रॅमहॉलचे 1658 चे उत्तर घ्या; धर्माची बाजू तिथे आहे.

लिहिण्याचा आणि छापण्याचा काळही इथेच ताडा. लॉकचे शासनावरचे दोन प्रबंध निनावी निघाले, शीर्षपानावर 1690. म्हणून ते इंग्लंडातल्या 1688 च्या सत्तांतराचे समर्थन करायला लिहिले असे पुष्कळदा सांगतात. बराचसा मजकूर त्याच्या कित्येक वर्षे आधीचा आहे.

## टप्पा 9: संदर्भ देणे

नुसता पृष्ठांक देऊ नका. प्रकरण, मग आवृत्ती, मग फर्म्याची खूण आणि पानाची बाजू: ‘प्र. 13, हेड, 1651’ आणि पुढे खूण, ‘पुढची’ किंवा ‘मागची’. मूळ वर्णलेखन ठेवा, फक्त लांब एस साधा करा आणि तसे केल्याचे एकदा सांगा. भाषांतर तुमचे असेल तर ‘भाषांतर माझे’ लिहा.

शेवटची तपासणी: तुमच्या लेखातली कुठलीही तीन उद्धरणे निवडा, दुसऱ्या कोणाला फक्त संदर्भ द्या आणि स्कॅनमध्ये शोधायला सांगा. प्रत्येकाला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर संदर्भ पुन्हा लिहा.